फेरी आखताना आधी सुटायच्या वाटा शोधा

सह्याद्रीत पाय घडलेला माणूस जयपूरला आला की चार-आठ दिवसांत त्याची नजर डोंगराकडे वळते. शहराच्या उत्तरेला अरवलीच्या धारा आहेत, धारांवर किल्ले आहेत आणि जुनी तटबंदी माथ्यामाथ्यांवरून लांबवर गेलेली दिसते. मग मला फोन येतो. "आमेरहून चढतो, जयगढ बघतो, धारेनेच नाहरगढला जातो आणि शहरात उतरतो. शहरातून बस पकडली की फेरी पूर्ण. मध्ये एक रात्र वर काढली तर चालेल ना?" हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. इथे राहायला आल्यापासून या डोंगरांत मी पुष्कळ फिरलो आहे. पण खालचं बरंचसं शहाणपण मला एका सप्टेंबरमधल्या दिवसाने दिलं.

आधी मुक्कामाचं. रात्र वर काढू नका. हा सगळा भाग नाहरगढ अभयारण्यात किंवा त्याला लागून आहे. अभयारण्य सुमारे ५० चौरस किलोमीटरचं असून त्यात बिबट्यांचा वावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही, मग तंबू ठोकणं दूरच. त्यामुळे सॅक एका दिवसाची भरा आणि आखणीही एकाच दिवसाची करा. मळलेली वाट आणि गाडीरस्ता सोडून रानातून जायचं असेल, तर आधी वन विभागाची परवानगी काढा आणि माहीतगार माणूस बरोबर घ्या.

आता डोंगराचं. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटरवर आहे आणि नाहरगढ ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढ दोनशे मीटरचाही नाही. राजगड-तोरण्याची सवय असलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतात, आणि तिथेच बेसावधपणा सुरू होतो. हा सह्याद्रीचा काळा कातळ नव्हे. हा क्वार्टझाइट आहे, कठीण, धारदार आणि चिरफाळलेला. उतारावर सुट्या दगडांचा घसारा असतो. वरून सलग वाटणाऱ्या उतारात मध्येच दोन-तीन पुरुष उंचीचा कडा लपलेला असतो आणि तो त्याच्या काठावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात धोक नावाची झाडं आणि काटेरी झुडपं इतकी दाटतात की कालची पायवाट आज सापडत नाही. ज्या सापडतात, त्यांतल्या पुष्कळ ढोरवाटा असतात. त्या शेळ्या-मेंढ्यांच्या सोयीच्या असतात, माणसाला खाली पोहोचवतीलच असं नाही.

त्यात शहर कायम समोर दिसत राहतं. घरांच्या गच्च्या दिसतात, गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, मोबाइलला रेंज असते. एवढ्या जवळ वस्ती असताना काय होणार, असं वाटतं. १ सप्टेंबर २०२४ ला शहरातलेच दोघे सख्खे भाऊ नाहरगढच्या वाटेवरच्या चरण मंदिराच्या बाजूला फिरायला गेले आणि वाट चुकले. त्यांचा घरी फोनही लागला होता. एकाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. दुसऱ्यासाठी पोलीस आणि आपत्ती निवारण दलाची पथकं कितीतरी दिवस डोंगर पिंजत होती. त्या बातमीनंतर मी या डोंगरांना 'शहरामागची टेकडी' म्हणणं सोडून दिलं.

माझा तो दिवसही सप्टेंबरअखेरचाच, पण त्याच्या आधीच्या एका वर्षातला. पाऊस सरला होता, ऊन परतलं होतं, जमिनीतून अजून वाफ निघत होती. भाचा साताऱ्याहून आला होता. विशीतला, रोज पळणारा, अवघड गडही सहज चढणारा. आम्ही सकाळी आमेरहून निघालो, पायवाटेने जयगढ गाठला, गड पाहिला आणि रस्त्याने नाहरगढच्या दिशेला लागलो. कनक घाटीहून चढून येणारा रस्ता जिथे मिळतो तो फाटा मागे टाकून थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून अखंड बोलणारा हा पोरगा बराच वेळ गप्प आहे. "पाणी पितोस का?" विचारलं तर म्हणाला, "नको मामा, मळमळतंय." पुढच्या चढावर त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता, अंग चिकट झालं होतं. सकाळपासून त्याने भरपूर पाणी प्यायलं होतं, पण नुसतं पाणी. घामातून गेलेलं मीठ भरून निघालंच नव्हतं.

त्या दिवशी उपयोगी पडली ती माझ्या खिशातली चिठ्ठी. निघण्यापूर्वी मी फेरीचे टप्पे लिहिले होते आणि प्रत्येक टप्प्यापुढे तिथून बाहेर कसं पडायचं हे लिहिलं होतं. ज्या टप्प्यात आम्ही होतो त्यापुढे लिहिलं होतं, 'पुढे नाहरगढपर्यंत दुसरी वाट नाही, मागे फिरून फाटा, तिथून रस्त्याने कनक घाटी, आमेर रोड.' त्यामुळे पुढे जाऊ की मागे, डावीकडच्या घळीतून उतरून बघू का, असल्या चर्चेत वेळ गेला नाही. त्याला सावलीत आडवं केलं, पाय सॅकवर ठेवले, बूट सैल केले, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि ओआरएसचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्यापाऊण तासाने तो उठून बसला. आम्ही हळूहळू फाट्याकडे परतलो. चरण मंदिराचं दर्शन घेऊन निघालेल्या एका कुटुंबाने आम्हाला जीपमधून आमेर रोडला सोडलं. फेरी अर्धीच राहिली, पण मुलगा संध्याकाळी घरी बसून जेवला.

या सगळ्यातून मला सांगायचं आहे ते एवढंच: फेरी किती किलोमीटरची, हे नंतर बघा. तिच्यातून कुठे कुठे सुटता येतं, हे आधी बघा. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल तर परतीचं प्रत्येक वळण ओळखीचं असतं. फेरीत तसं नसतं. उत्तरार्ध पूर्ण अनोळखी असतो आणि तोच थकल्या पायांनी, उतरत्या उजेडात चालायचा असतो. अर्ध्यावर पोहोचल्यावर मागे आणि पुढे सारखंच अंतर उरतं, आणि मन नेहमी पुढचा कौल देतं. म्हणून हा निर्णय डोंगरावर घ्यायचा नसतो. तो घरी, ताज्या डोक्याने घेऊन कागदावर उतरवायचा असतो.

या फेरीचे टप्पे मी असे पाडतो. पहिला, आमेर ते जयगढ. इथून सुटणं सोपं आहे. आलेल्या पायवाटेने आमेरला परता, किंवा जयगढच्या दारातून गाडी करा. दुसरा, जयगढ ते फाटा, म्हणजे कनक घाटीहून चढून येणारा रस्ता जिथे जयगढ आणि नाहरगढकडे फुटतो ती जागा. हा फाटा म्हणजे फेरीचा खरा निर्णयबिंदू. तिसरा, फाटा ते चरण मंदिर ते नाहरगढ. हा सर्वांत लांब आणि बिनसुटकेचा टप्पा. चरण मंदिराखाली हथनी कुंडाकडे जाणारी वाट मोह पाडते, कारण पलीकडे वस्ती दिसते. ती वाट आधी कुणाबरोबर केलेली नसेल तर ऐन वेळी तिच्यात शिरू नका. चौथा, नाहरगढहून फरसबंदीच्या नागमोडी वाटेने शहरातल्या पुरानी बस्तीत उतरणं. आमेरहून सुरुवात करा असं मी सांगतो ते यासाठीच, की शेवटचा थकलेला तास बांधीव आणि माणसांच्या वाटेवर जावा.

फाट्यासाठी एक वेळ ठरवा आणि ती पाळा. माझा नियम असा: हिवाळ्यात दुपारी एकपर्यंत फाट्यावर पोहोचलो नाही, तर सरळ कनक घाटीला उतरायचं. मुंबई-पुण्याकडच्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. जयपूर उत्तरेला २७ अंशांवर आहे, त्यामुळे हिवाळ्यातला दिवस तुमच्या सवयीपेक्षा लहान असतो. डिसेंबरात सूर्य सातनंतर उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. तिन्हीसांजेला बिबट्या बाहेर पडतो, तेव्हा तुम्ही खाली असायला हवं. तरीही तो दिसलाच तर पळू नका, वाकू नका, मुलांना मध्ये घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका.

पाण्याची गोष्ट सह्याद्रीतल्या माणसाला सर्वांत कठीण जाते. आपल्याकडे गडावर कातळात खोदलेली टाकी असतात आणि त्यांतल्या काहींचं पाणी पिण्याजोगं असतं, या भरवशावर आपण बाटली अर्धी नेतो. अरवलीत तो भरवसा नाही. जयगढ १७२६ चा आणि नाहरगढ १७३४ चा. ते बांधणाऱ्यांनाही वर जिवंत पाणी मिळालं नव्हतं. म्हणून त्यांनी डोंगरउतारांवर दूरपर्यंत पाट काढून पावसाचं पाणी गडावर आणलं. जयगढच्या मोठ्या टाक्यात ६० लाख गॅलन पाणी मावतं असं सांगतात. नाहरगढची पायऱ्यांची बावडीही त्याच गरजेतून आली. शेकडो माणसांच्या शिबंदीला जिथे एकेक थेंब गोळा करावा लागला, तिथे तुम्हाला वाटेत झरा लागणार नाही. थंडीत माणशी तीन लिटर आणि सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये चार-पाच लिटर पाणी न्या. गडांवर विकतचं पाणी मिळतं, पण मधल्या टप्प्यासाठी ते हिशेबात धरू नका. एक लिटरला एक पुडी असं ओआरएस आणि खारे दाणे प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवेत. एकाच्याच सॅकमध्ये ठेवले आणि तो मागे राहिला तर काय?

उन्हाची लक्षणं सगळ्यांना माहीत हवीत. गप्प होणं, मळमळ, गोळे, डोकेदुखी ही पहिली खूण. तिथेच थांबा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नका. अंग भिजवा, वारा घाला आणि ११२ ला फोन करा. सह्याद्रीत लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं हाकेला धावून येतात, ती सवय इथे घेऊन येऊ नका. इथे पहिला फोन ११२. फोनवर 'नाहरगढजवळ आहोत' एवढं सांगून भागत नाही. नकाशातलं आपलं ठिकाण आकड्यांत वाचून दाखवता आलं पाहिजे. घरी सराव करा. नकाशा आधीच उतरवून ठेवा, फोनची बॅटरी फोटोंवर संपवू नका आणि ठिकाण कळवल्यावर जागा सोडू नका. वाट चुकलेला माणूस चालत राहिला की शोध दुप्पट अवघड होतो.

ऋतू निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. एप्रिल ते जून ही फेरी करूच नका. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, गर्दी लोटते, आणि धोका आकाशातून येतो. ११ जुलै २०२१ ला संध्याकाळी आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली आणि तिथे ११ माणसं गेली. पाऊस बघायला, फोटो काढायला आलेली साधी माणसं होती ती. गडगडाट ऐकू आला की बुरूज, तटबंदी, दगडी छत्री आणि धार सोडा. आडोसा म्हणून बुरुजात शिरू नका, कारण त्या भागातली सर्वांत उंच जागा तीच असते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत वर परतू नका.

पहिल्यांदाच येत असाल तर आदल्या दिवशी उजेडात गढ गणेशच्या मंदिरापर्यंत चढून या. पायथ्याशी ब्रह्मपुरी ही जुनी वस्ती आहे. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे मूळचे महाराष्ट्रीय. त्यांची हवेली इथेच आहे. टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणणारे जयसिंहांच्या दरबारातले सम्राट जगन्नाथही महाराष्ट्रीयच. मराठी माणसाने त्या गल्ल्यांतून अवश्य चालावं. गढ गणेशला ३६५ पायऱ्या आहेत. चढताना गटातल्या प्रत्येकाचा दम कळतो आणि वरून उद्याची धार समोर दिसते. ज्याला इथे त्रास झाला त्याला तसं प्रेमाने सांगा आणि फेरी जयगढपर्यंतच ठेवा. गटाचा वेग सर्वांत मंद माणसाचा, आणि थांबायचा हक्क प्रत्येकाचा. 'मला नाही जमत' हे म्हणायला जिथे माणसाला संकोच वाटतो, त्या गटाबरोबर डोंगरात जाऊ नये.

निघण्याच्या आदल्या रात्री एक चिठ्ठी लिहा. चार टप्पे, प्रत्येक टप्प्याची सुटायची वाट, फाट्यावरची वेळ, बरोबरच्यांची नावं, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. एक प्रत खिशात ठेवा, एक घरच्या जबाबदार माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून वाचून घ्या. ही चिठ्ठी लिहिताना एखादी ओळ कोरी राहत असेल, तर फेरी अजून आखून झालेली नाही. ती ओळ भरेपर्यंत निघू नका.