दुकानाचे दफ्तर क्लाउडवर हलविताना

माल गेला तर पुन्हा भरता येतो. हिशेब गेला तर तो कोणत्याही पेठेत विकत मिळत नाही. आम्ही वारूळवाडीत कापडाचा धंदा करतो. नारायणगावला लागून असलेल्या या भागात लग्नाचा बस्ता पुष्कळदा उधारीवर बांधला जातो आणि टोमॅटोचे किंवा कांद्याचे पैसे हाती आले की शेतकरी खाते चुकते करतो. अशा व्यवहारातील नोंद एकट्या दुकानदाराची मिळकत नसून गिऱ्हाइकाचीही अमानत असते. ती हरवली तर आपले पैसे बुडतात हे खरेच. पण ज्याने रक्कम भरली आहे त्याच्याकडेच पुन्हा मागणी केली जाणे, हे त्याहून वाईट होय.

आज ही नोंद बहुतेक दुकानांत मुख्य संगणकावरील एका सामायिक फोल्डरमध्ये असते. गल्ल्यावरचा, गोदामातला आणि मुनिमांचा संगणक तेथूनच फाईली उघडतात. हे दफ्तर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटद्वारे भाड्याने मिळणाऱ्या दूरच्या साठवणुकीच्या जागेवर हलवावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. सल्ला योग्य आहे. परंतु हलविण्याचा आराखडा कसा करावा हे क्वचितच सांगितले जाते. त्याचाच विचार आपण येथे करू.

हलवावे कशासाठी?

21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य कागदपत्रे जळाली. एकाच इमारतीत ठेवलेले दफ्तर इमारतीबरोबरच जाते, हा धडा साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. पुढे जानेवारी 2018 मध्ये राज्य शासनाने आपल्या खात्यांची माहिती क्लाउडवर नेण्याचे धोरण जाहीर केले. आपले दुकान मंत्रालयापुढे लहान असले, तरी आग, पूर, चोरी आणि बिघडलेली हार्ड डिस्क लहान-मोठे पाहत नाहीत.

कायद्याचेही बंधन आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. नोंदी संगणकावर असतील, तर अपघातानंतर त्या वाजवी मुदतीत पुन्हा उभ्या करता येतील अशी प्रत ठेवावी, असेही नियमांत आहे. ज्यांचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला आहे, त्यांना 2022 च्या दुरुस्तीनुसार संगणकावरील हिशेबाची दररोजची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये मुंबई येथे आपली केंद्रे सुरू केली. तरीही आपली माहिती नेमकी कोठे राहील, हे सेवा घेताना लेखी विचारून घ्यावे.

पहिली पायरी : मोजदाद

गोदाम बदलताना आपण आधी गाठी मोजतो. येथेही तसेच करावे. प्रत्येक फोल्डरचे नाव, फाईलींची संख्या, एकूण आकार आणि ते कोण वापरतो, हे एका कागदावर उतरवावे. मग तीन भाग पाडावेत : रोज लागणारे, फक्त कायद्यासाठी जपायचे आणि टाकून द्यायचे. एकाच साडीच्या फोटोच्या दहा प्रती नेऊन त्यांचे भाडे भरण्यात अर्थ नाही. ज्या एक्सेल फाईली दुसऱ्या फाईलींतून आकडे उचलतात, त्यांच्यावर खूण करावी. जागा बदलली की हे दुवे तुटतात आणि बेरजा जुन्याच राहतात.

जुन्या मराठी फाईलींकडे विशेष लक्ष द्यावे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, किंवा उर्दूसाठी इनपेजमध्ये केलेला मजकूर क्लाउडवर पोहोचतो, पण तो फॉन्ट वा प्रोग्राम नसेल तर वाचता येत नाही आणि शोधल्यास सापडतही नाही. अशा महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ आधी करून घ्यावी. मूळ फाईलही सोबत ठेवावी.

दुसरी पायरी : काय जागच्या जागी ठेवावे

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामची चालू माहिती आपोआप जुळणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून काम करू नये. त्या फाईली दिवसभर उघड्या असतात. अर्धवट बदललेली फाईल वर गेली किंवा दोन संगणकांच्या नोंदी एकमेकींवर आल्या, तर खाते बिघडते. चालू माहिती दुकानातच ठेवावी आणि रात्री प्रोग्राम बंद करताना घेतलेला बॅकअप तेवढा वर पाठवावा.

तिसरी पायरी : किल्ली कोणाकडे?

क्लाउडचे खाते पेढीच्या नावाने उघडावे; मुनिमांच्या, पुतण्याच्या किंवा संगणक दुरुस्तीवाल्याच्या खासगी ईमेलवर नव्हे. भागीदारी फुटली किंवा नोकर सोडून गेला, की या एका गोष्टीवरून तंटे उभे राहतात. ओटीपी येणारा मोबाईल क्रमांक मालकाचा असावा आणि दुसरा एक विश्वासू वारस अथवा भागीदार नोंदवावा. गुगलच्या 2023 च्या धोरणानुसार सलग 2 वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. गल्ल्यावरच्या मुलाला बिले पाहू द्यावीत, पण पुसण्याचा अधिकार देऊ नये. सामायिक फोल्डरवरचे जुने अधिकार आपोआप सोबत जातील असे गृहीत न धरता ते नव्याने ठरवावेत.

चौथी पायरी : तार आणि वेळ

आपल्या शेजारी खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत. त्यांच्याकडील माहिती मध्यवर्ती इमारतीत ऑप्टिकल फायबरने येते, कारण मोठ्या माहितीला तशीच भरवशाची वाट लागते. आपल्या दुकानापर्यंत फायबर आले आहे का, हे प्रथम पाहावे. येथे उतरविण्याचा नव्हे, चढविण्याचा वेग महत्त्वाचा असतो. 200 जीबी माहिती 20 एमबीपीएस वेगाने चढविण्यास सुमारे 22 तास लागतात. म्हणजे रोज रात्री 8 तास काम चालले तर तीन रात्री. वीज आणि लाईन दगा देतात, म्हणून दुप्पट मुदत धरावी. लग्नसराई, ईद आणि दिवाळी टाळून मंदीचा आठवडा निवडावा. प्रथम एकच बिनमहत्त्वाचा फोल्डर नेऊन आठ दिवस सर्वांना वापरू द्यावा.

पाचवी पायरी : ताळा

चढविणे संपले म्हणजे हलविणे संपले, अशी समजूत करून घेऊ नये. पहिल्या कागदावरील संख्या व आकार नव्या ठिकाणच्या संख्येशी व आकाराशी जुळवावेत. त्यानंतर प्रत्येक वर्षातील काही बिले आणि उधारीची काही खाती निवडून ती वेगळ्या संगणकावर खाली उतरवावीत, उघडावीत आणि छापील प्रतीशी ताडून पाहावीत. जी फाईल परत आणून उघडून दाखविता येत नाही, ती सुरक्षित आहे असे समजू नये. हा ताळा जुळल्यावर जुने फोल्डर फक्त वाचण्यापुरते खुले ठेवावे, म्हणजे कोणी चुकून तेथे नवे बिल लिहिणार नाही. निदान एक जीएसटी तिमाही आणि वर्षअखेर पार पडेपर्यंत ते पुसू नये.

शेवटची गोष्ट : एक प्रत बाहेर

आपोआप जुळणारे क्लाउड फोल्डर हा बॅकअप नव्हे. दुकानात फाईल पुसली की तेथेही पुसली जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, नंतर जाते. खंडणीखोर व्हायरसने दुकानातील फाईली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद प्रतीच वर चढू शकतात.

जून 2017 मध्ये अशाच एका हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही अडले. कंपनीच्या संगणक-जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे सर्व्हर सगळीकडे नष्ट झाले होते. वाचला फक्त घाना देशातील एक, कारण त्या वेळी तेथील वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. कंपनीला त्या एका प्रतीवरून पुन्हा उभारणी करता आली. आपण मात्र वीज जाण्यावर विसंबू नये. दर आठवड्याला बाहेरील हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी, तार काढावी आणि ती डिस्क दुकानाबाहेर, घरच्या कपाटात ठेवावी.

व्यापारी बांधवांनी या कामासाठी मोठा तज्ज्ञ शोधण्यापूर्वी पहिल्या पायरीचा कागद तयार करावा. त्याला दोन संध्याकाळी लागतील. तो कागद हाती असला की तज्ज्ञाला काय विचारायचे हे कळते आणि त्याने केलेले काम तपासताही येते. गिऱ्हाइकाने भरलेल्या शेवटच्या हप्त्याची पावती पाच वर्षांनीही काढून दाखविता यावी, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.