वाट बदलली, गाव मागे राहिले

रत्नागिरी शहरातून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात हातखंब्याच्या तिठ्यावर येऊन पोहोचतो. येथून डावीकडे वळले म्हणजे संगमेश्वर, चिपळूण ही गावे मागे टाकीत मुंबईस जाता येते. उजवीकडे वळले म्हणजे पाली लागते. तेथून एक फाटा राजापुरावरून गोव्याकडे जातो व दुसरा आंबा घाट चढून कोल्हापुरास पोहोचतो. तिठ्यावर दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते. कोणी चहा घेतो, कोणी पुढच्या गाडीची वाट पाहतो. ही वाट अशीच पूर्वापार वाहत आली असावी, असे पाहणाऱ्यास वाटते.

परंतु तसे नाही. शेकडो वर्षे कोकणातील मोठी वाट जमिनीवरून नव्हे, तर पाण्यावरून जात होती. अरबस्तान, इराण अशा दूरदेशींची गलबते समुद्रातून येत. खाडीच्या मुखाशी ती भरतीची वाट पाहत आणि पाणी चढले की त्याबरोबर खाडीतून आत शिरत. जेथे भरतीचे पाणी संपे, तेथे माल उतरे. पुढे तो बैलांच्या पाठीवर लादला जाई. गळ्यातील घंटा वाजवीत बैलांचे तांडे सह्याद्रीचे घाट चढत आणि देशावरील पेठांत जात. परत येताना ते कापड, मिरी, धान्य घेऊन खाली उतरत. जेथे गलबत आणि बैल यांची गाठ पडे, तेथे वखारी उभ्या राहत, सराफ येत, कारागीर येत. पाहता पाहता तेथे शहर वसे.

अशा शहरांत दाभोळचे नाव पहिले घ्यावे लागेल. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेले हे बंदर बहामनी राज्याचे आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे द्वार होते. पंधराव्या शतकात आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला. तो चौल बंदरात उतरला आणि परतीच्या वेळी दाभोळहून जहाजावर चढला. दाभोळ हे फार मोठे बंदर असून तेथे परदेशांतून घोडे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा चौलच्या लढाईत मारला गेला. त्या रागाने आल्मेदाने वर्षअखेरीस दाभोळवर हल्ला केला आणि शहर जाळून टाकले. दाभोळ पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकातील दगडी मशीद तेथे आजही किनाऱ्याशी उभी आहे. मात्र ती ज्या नगरीची शोभा होती, ती नगरी उरली नाही. आता तेथे एक लहानसे गाव आहे आणि पलीकडच्या धोपाव्याला जाणारी फेरीबोट आहे.

दक्षिणेकडे अर्जुना नदीच्या काठी राजापूर आहे. समुद्रापासून हे गाव बरेच आत. तरीही खाडीच्या वाटेने येथे मोठा व्यापार चाले आणि अणस्कुरा घाटाने तो देशावर जाई. इंग्रजांनी १६४९ मध्ये येथे वखार घातली. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या काही इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली. शिवाजी महाराज ही गोष्ट विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर स्वारी केली, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले.

उत्तरेकडे शास्त्री नदीच्या काठी संगमेश्वर आहे. येथील कसब्यात कर्णेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे. त्याच्या खांबांवरील व छतावरील कोरीव काम पाहिले म्हणजे असे मंदिर बांधविणारे गाव किती संपन्न असेल, याची कल्पना येते. याच संगमेश्वरी १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना मोगलांनी पकडले. आज तालुक्याचे नाव संगमेश्वर आहे. परंतु तालुक्याची कचेरी देवरुखास आहे. नाव मागे राहिले आणि कारभार पुढे गेला!

ही शहरे मागे का पडली? लढायांनी त्यांना जखमा केल्या, हे खरे. पण जळालेले शहर पुन्हा बांधता येते. दाभोळने ते करून दाखविले. त्यांची वाटच आटली, तेव्हा मात्र त्यांचा इलाज चालला नाही.

या गोष्टीस दोन कारणे झाली. पहिले कारण नदीच्या तळाशी होते. सह्याद्रीवर उगम पावणाऱ्या कोकणच्या नद्या थोडक्याच अंतरात समुद्राला मिळतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. डोंगरावर दाट झाडी असते, तोवर ती माती धरून ठेवते. परंतु लाकडासाठी, सरपणासाठी आणि शेतीसाठी डोंगर उघडे होत गेले आणि सुटलेली माती पाण्याबरोबर खाली आली. भरतीचे पाणी नदीच्या प्रवाहास अडविते, तेथे प्रवाह मंदावतो आणि माती तळाशी बसते. वर्षामागून वर्षे असा गाळ साठला. गलबते पूर्वीइतकी आत येईनात. त्यांना खाली, मुखाजवळच थांबावे लागू लागले.

दुसरे कारण दूर मुंबईत घडले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. देशावरील माल आता बैलाच्या पाठीवरून कोकणात उतरण्याऐवजी आगगाडीने थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. किनाऱ्याने आगबोटी सुरू झाल्या. त्या खोल पाण्यात नांगर टाकीत आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर येत. खाडीच्या आत वसलेल्या पेठांकडे वळण्याचे त्यांना कारणच नव्हते. मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोकणातील हजारो माणसे त्याच आगबोटींनी पोटासाठी मुंबईस गेली. मागाहून मोटारीचा रस्ता आला. त्या रस्त्यावर हातखंब्याचा तिठा गजबजला आणि आगबोटीही बंद पडल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. तिच्या ‘राजापूर रोड’ स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशास राजापूर गाव गाठण्यासाठी पुन्हा बरेच अंतर तोडावे लागते!

असे केवळ आपल्याकडेच घडले, असे नाही. अमेरिकेच्या मध्यभागी गवताची अफाट मैदाने आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथे नवी गावे भराभर वसली. आगगाडीचा मार्ग आपल्या गावावरून जाईल, अशी प्रत्येकाची आशा असे. मार्ग काही मैलांवरून गेला, तर गावकरी आपली लाकडी घरे ओंडक्यांवर किंवा चाकांवर चढवीत आणि घोडे-बैल जुंपून रुळांजवळ ओढून नेत. जुन्या जागी मग गवत आणि दफनभूमी एवढेच राही. आपली जांभ्या दगडाची घरे अशी कोठे हलणार? म्हणून आपल्याकडे घरे जागीच राहिली आणि माणसे निघून गेली. कोकणातील कुलूप लावलेली, गणेशोत्सवाला व शिमग्याला तेवढी उघडणारी घरे तुम्ही पाहिली असतील. त्यांची कहाणी हीच आहे.

गाळाची कहाणी मात्र अजून संपलेली नाही. ज्या नद्यांनी पूर्वी बंदरे बुजविली, त्याच आता पावसाळ्यात बाजारपेठांत शिरतात. राजापूरच्या जवाहर चौकात पुराचे पाणी वारंवार येते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. त्या आपत्तीनंतर नदीतील गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. जे पूर्वजांनी गलबतांसाठी करावयास हवे होते, ते आज जीव वाचविण्यासाठी करावे लागत आहे.

हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहून या गोष्टींचा विचार करावा. महामार्ग रुंद होतो, तेव्हा कोठे तो पुलावरून पेठ ओलांडून जातो, तर कोठे गावास वळसा घालतो. जी वाट गाव वसविते, ती गावाच्या मालकीची नसते. उद्या ती कोठे वळेल, हे आपल्या हाती नाही. परंतु डोंगरावरील झाड, नदीचे पात्र आणि गावातील जुनी वास्तू यांची राखण करणे तर आपल्या हाती आहे! वाट बदलल्यावरही माणसाने राहावे असे गाव, ज्यांनी हे राखले, त्यांचेच उरते.

शब्दार्थ
तिठा – तीन वाटा मिळतात ती जागा
वखार – व्यापाऱ्याचा माल साठविण्याची व विकण्याची जागा
पडाव – माल किंवा माणसे नेणारी होडी
कसबा – जुन्या गावाची मुख्य वस्ती
उतारू – प्रवासी

स्वाध्याय
१. खाडीच्या आतल्या टोकाशी शहरे का वसत?
२. ‘नाव मागे राहिले आणि कारभार पुढे गेला’ हे वाक्य कोणत्या गावाविषयी आहे? ते का म्हटले आहे?
३. नदीत गाळ कसा साठतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. अमेरिकेतील मैदानांवरील गावे आणि कोकणातील गावे यांच्या कहाणीत साम्य कोणते व भेद कोणता?
५. तुमच्या गावी पूर्वी लोक कोणत्या वाटेने येत-जात, हे घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विचारा आणि दहा ओळी लिहा.