शाळेतील संगणकाची कार्यप्रणाली बदलावी काय?



मृगाचा पाऊस येण्यापूर्वी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कौलारू घरांची शाकारणी होते. फुटकी कौले तेवढी बदलावी की छप्परच नवे करावे, हे जाणता गृहस्थ आधी वासे पाहून ठरवितो. शाळेतील संगणकाबाबतही हाच विवेक करावयाचा आहे.

संगणकाचे भाग व आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांचा मेळ घालणाऱ्या मूळ व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, म्हणतात. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. त्यामुळे संगणक बंद पडला असे नव्हे. परंतु सुरक्षेतील नवी छिद्रे बुजविणारी नेहमीची दुरुस्ती थांबली. म्हणून निर्णयापूर्वी चार गोष्टी तपासाव्या.

१. काम : ज्या संगणकावरून इंटरनेटद्वारे विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक भरले जातात, तेथे बदल टाळू नये. ती माहिती पालकांनी विश्वासाने दिलेली असते. केवळ पाठ दाखविणाऱ्या व इंटरनेटला न जोडलेल्या संगणकास घाई नाही; मात्र त्यास बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याविना लावू नये.

२. यंत्र : विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व कंपनीने मान्य केलेला प्रोसेसर लागतो. कंपनीचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा प्रोग्रॅम पात्रता सांगतो. पात्र विंडोज १० संगणकास हा बदल विनामूल्य मिळतो. अपात्र यंत्रावर तो बळेच लादणे म्हणजे कुजक्या वाशांवर जड कौले चढविणे होय. अशा यंत्रास लिनक्सचा पर्याय आहे. सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळातील शासकीय शाळांनी लिनक्सवर अनेक वर्षे अध्यापन केले आहे.

३. सोबतची साधने : जुना प्रिंटर नव्या प्रणालीवर चालेल काय, हे आधी विचारावे. युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर तो फाँट नसल्यास निरर्थक अक्षरांत दिसतो. यास्तव फाँटच्या फाइली जपून ठेवाव्या.

४. वेळ : निकालाच्या धांदलीत अथवा वीज वारंवार जाते अशा पावसाळी दिवसांत हे काम काढू नये. सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती उघडते याची खात्री करावी.

अनेक संगणक असल्यास प्रथम एकच बदलावा व आठ दिवस त्यावर नित्याचे काम करून पाहावे.

तात्पर्य, केवळ नवेपणा हे बदलाचे कारण नव्हे आणि जुन्याची सवय हे न बदलण्याचे कारण नव्हे. मुलांची माहिती सुरक्षित राहावी व अध्यापन अखंड चालावे, हीच कसोटी होय.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील प्रत्येक संगणकाचे काम, रॅम, साठवण व प्रिंटर यांची नोंद करून ‘बदलावा’, ‘थांबावे’ किंवा ‘लिनक्स घालावे’ असा सकारण शेरा लिहा.