शस्त्रक्रियेपूर्वी गाठीची पारख

पायांत चपला मावेनाशा होणे, अंगठी बोटातून न निघणे, दोन्ही कडांचे दिसेनासे होणे, ही लक्षणे मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियूषिका ग्रंथीतील गाठीची असू शकतात. अशा रुग्णांसाठी एम.आर.आय. तपासणीची सोय पुणे शहरात आहे. मात्र या चित्रातून नेमके काय कळते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

गाठ १० मिलिमीटरहून मोठी आहे काय, नेत्रतंतूंवर तिचा दाब आहे काय, शेजारच्या रोहिणीला तिने वेढले आहे काय, हे चित्रात दिसते. नाकावाटे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकाला हा नकाशाच होय.

प्रकार ओळखणे त्याहून अवघड. वाढीचे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठींपैकी ज्या टी-२ पद्धतीच्या चित्रात गडद दिसतात, त्या ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधाला बहुधा चांगला प्रतिसाद देतात. उजळ दिसणाऱ्या तितकासा देत नाहीत. कुशिंगच्या विकारातील गाठ तर कित्येकदा दिसतच नाही.

म्हणून रक्ततपासणी सोबत हवीच. प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ बहुतेकदा कॅबरगोलीनच्या गोळ्यांनी आकसते व शस्त्रक्रिया टळते. परंतु अन्य प्रकारच्या मोठ्या गाठीचा ग्रंथीच्या देठावर दाब पडला, तरीही प्रोलॅक्टिन काहीसे वाढते. उलट, गाठ प्रचंड आणि आकडा मात्र माफक, असे आढळल्यास रक्तनमुना विरल करून पुन्हा मोजतात. कारण प्रोलॅक्टिन अतोनात असल्यास काही चाचण्या ते फसवे कमी दाखवतात.