चित्र हुबेहूब नको, बोलकं हवं

प्रश्न : निवृत्तीनंतर तैलरंग हाती घेतले. वरळी किल्ल्यावरून दिसणारा समुद्र, सागरी सेतू फोटो बघून हुबेहूब काढतो. पण चित्र निर्जीव वाटतं. जोरात फटकारे मारले की रंग मातकट होतात. साठीनंतर हे जमेल का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : नक्की जमेल. मात्र जोरदार फटकारे म्हणजे भाव, हा गैरसमज आधी सोडा. भाव येतो निवडीतून : काय ठेवायचं आणि काय गाळायचं.

फोटो बाजूला ठेवा. संध्याकाळी कोळीवाड्याच्या काठावर बसून १५ मिनिटांत पेन्सिलीने फक्त उजेड, मध्यम छटा आणि सावली टिपा. घरी त्यावरूनच रंगवा.

मातकटपणा येतो ओल्या थरात फार रंग घोटल्याने. सुरुवातीला निळा, लाल, पिवळा आणि पांढरा एवढेच घ्या. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा. एकदा लावलेला रंग पुन्हा चिवडू नका. जाड थरासाठी पॅलेट नाइफ वापरा. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे जवस तेलाने स्निग्ध ठेवा; उलट केलं तर पुढे भेगा पडतात.

खबरदारी : खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. पावसाळ्यात रंग उशिरा वाळतात, घाई नको. जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा.

आणि तुमच्या जवळच्याच नेहरू सेंटरच्या कलादालनात अधूनमधून डोकवा. चित्र आधी जवळून पाहा, मग दहा पावलं मागे जाऊन. नजर तयार झाली की हात मागोमाग येतो.