तीन पायांचा हिशोब : स्वस्तातला ट्रायपॉड कसा निवडावा?

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत मी आजवर फक्त पेपर लिहिले, लेख हा पहिलाच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, पण मुद्दा मात्र डोक्यात घ्या. कारण हा मुद्दा शिकायला आम्हाला एका माणसाचा निरोप समारंभ खर्ची घालावा लागला.

गेल्या टर्मच्या शेवटी आमच्या मेसचे काका रिटायर झाले. ज्यांच्या हातची पोळी खाऊन कितीतरी बॅचेस इंजिनिअर झाल्या, त्यांचा निरोप नीट शूट करायचा असं विंगमध्ये ठरलं. एका सीनियरचा डीएसएलआर मागून आणला. ट्रायपॉड मात्र आमचा, साडेतीनशे रुपयांचा! मेसच्या मागच्या भिंतीला लावून पूर्ण उंच केला, मधला दांडाही वर खेचला, झूम लेन्स पुढे ताणली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि आम्ही जेवणाच्या रांगेत पुढे पळालो.

काका माइकवर पहिल्यांदाच बोलले. चौदा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर बघतो तर काय, पहिली तीन मिनिटं काका दिसतात, मग त्यांचं डोकं हळूहळू वर जाऊन फ्रेमबाहेर नाहीसं होतं आणि उरलेली अकरा मिनिटं टेबलावरचा पाण्याचा जग! आवाज काकांचा, चेहरा जगाचा. काकांनी ते फोनवर पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे पोट्टेहो, मी कुठी गेलो याच्यात?"

आम्ही हसलो, पण लाज वाटली. निरोप समारंभाचा रीटेक नसतो.

नेमकं झालं काय?

चूक कॅमेऱ्याची नव्हती. कॅमेरा पुढे झुकत गेला, म्हणजे ट्रायपॉडचं डोकं (ज्यावर कॅमेरा बसतो तो भाग) त्याचा भार पेलू शकलं नाही. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. वजन किती, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते वजन टेकूपासून किती लांब आहे हेही महत्त्वाचं. याला मोमेंट म्हणतात.

साधा हिशोब करू. छोट्या लेन्ससकट कॅमेरा ७०० ग्रॅमचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य डोक्याच्या मध्यापासून ५ सेमी पुढे आहे असं धरा. मोमेंट येतो सुमारे ०.३४ न्यूटन-मीटर. आता मोठी झूम लेन्स लावली, वजन झालं १.२ किलो आणि गुरुत्वमध्य गेला १२ सेमी पुढे. मोमेंट झाला सुमारे १.४. वजन दुप्पटसुद्धा झालं नाही, पण डोक्यावरचा ताण चौपट झाला! खोक्यावर 'लोड ३ किलो' छापलेलं वाचून आपण निर्धास्त होतो. पण तो आकडा वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धतीने काढतात. म्हणून माझा नियम असा : छापलेल्या आकड्याचा अर्धाच खरा धरायचा.

दुसरी गोष्ट पायांची. एका टोकाला धरलेला दांडा दुसऱ्या टोकाला किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दीडपट केली की वाकणं जवळजवळ ३.४ पट. उलट, पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे नळीची जाडी तेवढीच ठेवून व्यास १६ मिमीऐवजी २२ मिमी केला, तर ताठपणा अडीच पटींहून जास्त. म्हणून दुकानदार "भाऊ, हा सहा फूट जातो" म्हणाला की उंचीवर भाळू नका. सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक नळी किती जाड आहे ते आधी वाकून बघा. सहा फूट जाणारा पण बांबूच्या काडीसारखा हलणारा ट्रायपॉड, यापेक्षा साडेचार फुटांचा ठाम उभा राहणारा केव्हाही बरा.

स्थिर कॅमेरा म्हणजे काय मिळतं?

कोणी म्हणेल, आता फोनमध्येच स्टॅबिलायझेशन आहे, मग हे लोढणं कशाला? त्यावर आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला हे जीके आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची. कुंडीसमोर कॅमेरा ठेवायचा, थोड्या थोड्या वेळाने फिल्म थोडीशीच फिरवायची, असं महिनाभराहून जास्त. पडद्यावर मात्र बी रुजून रोप वर येताना एक-दोन मिनिटांत दिसतं. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच हे. मधल्या दिवसांत कॅमेरा बोटभर जरी सरकला असता, तर रोप वाढण्याऐवजी नाचताना दिसलं असतं! कॅमेरा कसा आहे याच्याइतकंच तो जागचा हलत नाही ना, याला महत्त्व आहे.

दुसरं उदाहरण सक्करदरा तलावाचं. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब टिपायचं असेल तर शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. हातात धरून फोटो काढायचा जुना ठोकताळा असा की ५० मिमीच्या लेन्सला शटर १/५० सेकंदापेक्षा हळू नको. त्यापुढे हात थरथरतोच, मग तो जिमला जाणाऱ्याचा का असेना.

बजेट आणि पर्याय

बर्डीच्या दुकानांत फिरलात आणि ऑनलाइन किमती पाहिल्यात तर ढोबळमानाने तीन गट दिसतील.

पाचशेच्या आतले : हे फक्त फोनसाठी. फोन साधारण २०० ग्रॅमचा, त्यामुळे पाय तग धरतात. इथे कमजोर भाग असतो तो फोनचा चिमटा. त्याची स्प्रिंग घट्ट आहे का आणि रबर फोनला नीट धरतं का, एवढं पाहा. यावर दुसऱ्याचा कॅमेरा लावू नका. आम्ही लावला होता!

हजार ते अडीच हजार : आपल्यासारख्यांचा गट. कॅमेरा आणि छोटी लेन्स यांना पुरतो. डिजिटेक, सिमपेक्स, फोट्रॉन ही नावं इथे भेटतील. एकाच ब्रँडमध्येही मॉडेलप्रमाणे फरक असतो, म्हणून नाव नाही, वस्तू तपासा.

तीन ते सहा हजार : जाड अ‍ॅल्युमिनियमचे पाय, धातूचं डोकं. व्हिडिओ सतत करणाऱ्यांनी आणि मोठी झूम लेन्स वापरणाऱ्यांनी पैसे साठवून इथेच यावं. कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, पण त्याच्या किमतीत आपल्या सेमिस्टरची मेस निघते, तेव्हा तो विषय प्लेसमेंटनंतर.

डोक्याचे प्रकारही समजून घ्या. बॉल हेडमध्ये एक स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तसा फिरतो, फोटोसाठी हे सोयीचं. लांब दांडा असलेलं पॅन हेड व्हिडिओसाठी बरं, कारण आडवं आणि उभं फिरवणं वेगवेगळं करता येतं. स्वस्त ट्रायपॉडवर 'फ्लुइड हेड' लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा नुसतं ग्रीस असतं, हे लक्षात ठेवा.

दुकानात करायच्या पाच परीक्षा

दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि सगळ्यात जड लेन्स सोबत न्या. लाजू नका, पैसे आपले आहेत.

१. पाय पूर्ण उघडा आणि वरून तळहाताने दाबा. एखादा पाय आत सरकला तर लॉक कच्चं आहे.

२. डोकं धरून डावी-उजवीकडे पिळा. खटखट लागली तर सांध्यात ढिलाई आहे.

३. कॅमेरा लावून ४५ अंश खाली झुकवा, लॉक करा आणि दोन मिनिटं थांबा. स्क्रीनवरची एखादी खूण खाली-वर सरकली की नमस्कार करून बाहेर पडा. आमच्या काकांचा व्हिडिओ याच एका परीक्षेने वाचला असता.

४. लाइव्ह व्ह्यू झूम करून पायाला हलकी टिचकी मारा. थरथर लगेच थांबली तर उत्तम. तीन-चार सेकंद डुलत राहिला तर पाय बारीक आहेत.

५. कॅमेऱ्याखाली लागणारी प्लेट वेगळी विकत मिळते का ते विचारा. प्लेट हरवली की ट्रायपॉड म्हणजे कपडे वाळवायची काठी. कॅमेऱ्याचा स्क्रू मात्र जगभर सारखा, पाव इंची, इंचाला २० आटे.

घेतल्यावर वापरायचा कसा?

आधी जाड नळ्या उघडा, बारीक नळी शेवटी. मधला दांडा अगदीच नाइलाज झाला तर वर घ्या, कारण तो वर गेला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो. एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवा, म्हणजे पुढचा भार त्यावर येतो. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला. खाली हुक असेल तर बॅग टांगा, गुरुत्वमध्य खाली येतो. पण बॅग जमिनीला थोडी टेकू द्या, नाहीतर वाऱ्याने तीच झोके घेते. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. लेन्समधलं जुन्या पद्धतीचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवलेलं बरं.

व्हिडिओवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, मग पडद्यावर पट्टे फिरणार नाहीत.

आणि सक्करदरा चौकातल्या उड्डाणपुलावर उभं राहून रात्रीच्या गाड्यांच्या रेषा टिपायचा मोह टाळा. पूल वाहनांमुळे थरथरतो, म्हणजे फोटो बिघडणारच. शिवाय जिवाशी खेळ. तोच फोटो खाली, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागेवरून घ्या.

पैसेच नसतील तर? कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, तोंड शिवा आणि कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा. खालच्या अँगलला हा जुगाड कित्येक स्वस्त ट्रायपॉडपेक्षा ठाम असतो. तांदूळ मेसमधून न मागता आणू नये, एवढीच विनंती!

आणि काकांचं काय?

विंगमधल्या अकरा जणांनी दोनशे-दोनशे काढले. बावीसशे रुपयांत, वरच्या पाचही परीक्षा घेऊन, दुसरा ट्रायपॉड आणला. उंची जेमतेम पाच फूट. दुकानदार म्हणाला, "भाऊ, याच भावात उंचवाला आहे ना." आम्ही म्हटलं, "नको दादा, उंचवाला वापरून झाला."

मग काकांना फोन केला. ते म्हणाले, भाषण आता पुन्हा काही जमणार नाही, बोलायचं ते बोलून झालं. पण बुधवारी मी सक्करदऱ्याच्या बाजारात असतो, या. मेसची भाजी ते इतकी वर्षं तिथूनच पारखून आणत, आता घरापुरती घेतात. आम्ही भाजीवाल्या मावशींना विचारून एका कडेला, कोणाच्या पायात येणार नाही असा ट्रायपॉड लावला. काका बारा मिनिटं वांगी निवडत होते. एकेक वांगं उचलायचं, देठ बघायचा, परत ठेवायचं. मध्येच आमच्याकडे बघून म्हणाले, "शिका रे, उद्या बायको विचारीन."

फ्रेम जराही हलली नाही. तो व्हिडिओ त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पूर्ण पाहिला आणि म्हणाले, "हं. आता दिसतो मी."

निरोपाचं भाषण ते भाषणच, ते परत आलं नाही. तीन मिनिटांचा चेहरा आणि चौदा मिनिटांचा आवाज आम्ही जपून ठेवला आहे. म्हणून सांगतो, तुमच्याकडे असा एखादा कार्यक्रम येण्याआधी ट्रायपॉड तपासून घ्या, नंतर नाही.

ज्यांना लगेच घेणं शक्य नाही त्यांच्यासाठी : आमचा ट्रायपॉड विंगच्या कपाटात आहे. वहीत नाव, रूम नंबर आणि परत करायची तारीख लिहून कोणीही न्यावा. सर आणि मॅडम यांनाही हीच अट. आणि प्लेट ट्रायपॉडवरच लावून परत करावी, ही नम्र विनंती!