दहाव्या एकाची गोष्ट

पाटीवर १११ चा वर्ग केला तर १२३२१ येतो, हें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. एकेक एक वाढवीत गेलें असतां हा डोंगर उंच होत जातो. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ इतका भरतो. ही सतरा आंकडी संख्या कोणत्याहि बाजूनें वाचावी, सारखीच.

देवळालीच्या शाळेंत १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं अशा संख्यांस 'डेम्लो' म्हटलें. ज्या स्टेशनास आज डोंबिवली म्हणतात, तेथें त्यांस ही कल्पना सुचली. त्याच्याच जुन्या नांवावरून हें नामकरण झालें. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते, तिला त्यांनीं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटलें. आमच्या सतरा आंकडी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे, आणि १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्यामुळें तिच्या वर्गास ८१ नें भाग जाणारच. तेव्हां ती डेम्लोहि आहे आणि हर्षदहि. (त्या १२३४५६७९ मध्यें ८ कोठें गेला, हेंहि पाहण्यासारखें आहे.)

येथवर सर्व सुरळीत. परंतु वडवणीस एके दिवशीं गणिताच्या तासाला दहा एकांचा वर्ग विचारला गेला, तेव्हां आम्हीं बहुतेकांनीं गुणाकार न करतांच १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असें लिहून पाट्या पुढें केल्या. सर्वांचें उत्तर एकच होतें आणि सर्वांचेंच चुकलें होतें! दहा एकांची संख्या दोन अब्जांहून लहान. दोन अब्जांच्या वर्गांतहि एकोणीसच आंकडे असतात, आणि आम्हीं लिहिले वीस.

चूक कोठें झाली? दहा ओळी एकाखालीं एक मांडल्या म्हणजे घरोघरीं पडणारे एक उजवीकडून १, २, ३ असे वाढत १० पर्यंत जातात व पुन्हां उतरतात. नऊपर्यंत हातचा येत नाहीं, म्हणूनच डोंगर शाबूत राहतो. दहाच्या घरांत ० मांडून हातचा १ पुढें जातो. पुढच्या घरांतील ९ त्यामुळें १० होतात, तेथेंहि ० आणि हातचा १. त्यापुढें ८ चे ९ होऊन गाडी थांबते. खरें उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येतें.

नऊ एकांपर्यंत वर्गाच्या अंकांची बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते. येथें मात्र ती १०० नसून ८२ आहे. प्रत्येक हातच्यांत दहा जातात व एक परत येतो, म्हणजे नऊ घटतात. हातचे दोन, म्हणून १८ कमी.

अकरा एकांच्या वर्गांत हातचे चार येतात. त्याच्या अंकांची बेरीज किती, हें वाचकांनीं गुणाकार न करतां काढावें व मग ताळा पहावा.